डाव्या कोपऱ्याचं वजन

बिबवेवाडीत गॅरेजची अख्खी एक रांग आहे आणि त्या रांगेत बाई एकच. द्वारका. वीस वर्षं तिने गाड्यांचे शॉकअप बदलले. एकदा तिच्या हातून गेलेली गाडी त्याच कामासाठी पुन्हा दारात आली नाही, हे ती स्वतःच दिवसातून दोनदा सगळ्यांना ऐकवायची. आता असं ऐकवलं की माणसं वाट बघत बसतातच की!

म्हणून मंगळवारी सकाळी श्रीधर सरांची राखाडी गाडी परत आली, तेव्हा सगळ्या रांगेने हातातले पाने खाली ठेवले.

"द्वारकाबाई," सर उतरता उतरता म्हणाले, "आपण मागच्या आठवड्यात चारही शॉकअप बदललेत. गाडी आता पूर्वीपेक्षा जास्त आत्मविश्वासाने वाकडी उभी राहते."

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. गाडी एकोणीस वर्षांची, घेतली तेव्हाच जुनी घेतलेली. आरटीओच्या पासिंगला ती एकदा नापास झाली होती, मागचा डावा कोपरा खाली बसतो म्हणून. गुरुवारी दुसरी तारीख होती. त्यातही नापास झाली तर भंगारात घालायची, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. गाडी भंगारात गेली की तिच्याबरोबर आपलं नावही जाणार, हे द्वारकाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय ताई, लकवा भरला का गाडीला?" शेजारच्या गॅरेजातून इंद्रजीत ओरडला. "नाजूक काम घ्यावं माणसाने. सीट कव्हर वगैरे."

"तुझ्या तोंडाला बसवते कव्हर," द्वारका म्हणाली. पण कान तापले होते तिचे.

तिने टेप काढली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत उजवीकडे अडतीस सेंटीमीटर, डावीकडे चौतीस. शॉकअप हिसके जिरवतो, वजन धरत नाही. वजन धरते स्प्रिंग. म्हणून तिने मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे घातली. डावा कोपरा तेवढाच खाली. जमिनीला उतार असेल म्हणून गाडी तोंड फिरवून लावली. चौतीस. डिकी रिकामी केली, स्टेपनी काढली, मागची सीट उचलून खाली पाहिलं. एक हेअरपिन आणि शेंगदाण्याची टरफलं, बाकी काही नाही. सीट परत बसवली आणि मोजलं. चौतीस.

जेवायची वेळ टळली. ती चाकापाशी उकिडवी बसली आणि शेवटचा उपाय म्हणून कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा उठते आणि थांबते. गाडी उठली. थांबली. टेपवर अडतीस!

द्वारकाच्या तोंडून "आई गं!" निघालं, आनंदानेच.

मग गाडी बसायला लागली. सरळ नाही, दोन टप्प्यांत. आधी थोडीशी कलली, मग जरा थांबली, मग सावकाश खाली गेली. गुडघे दुखणारं माणूस असंच बसतं. आधी एक पाय आत, मग दाराला धरून बाकीचं अंग. स्प्रिंग बारीक करकरली. चौतीस.

तिने काचेतून आत पाहिलं. सीट रिकामी होती. डाव्या बाजूच्या नव्या कव्हरला मात्र मधोमध खळगा होता. दार उघडून तिने तो तळहाताने सपाट केला. कव्हर कोमट लागलं. गाडी सकाळपासून सावलीत होती.

"सर," ती म्हणाली, "मागे डावीकडे कोण बसतं?"

"कुणी नाही. आम्ही दोघंच, आणि दोघंही पुढे." सरांनी चष्मा पुसला. "ही मात्र म्हणते की मी आरसा सारखा मागच्या सीटकडे वळवतो. मी वळवत नाही. पण गेली दहा वर्षं हा विषय मी घरात टाळतो आहे."

द्वारकाला भीती वाटली. पण रांग बघत होती, आणि भीतीपेक्षा राग मोठा होता. तिच्या उस्तादांची एक रीत होती. गाडीत रोज जितकी माणसं बसतात, तितकी बसवूनच मागचे बोल्ट शेवटचे कसायचे, म्हणजे गाडी त्या वजनाची होते. मागच्या आठवड्यात तिने गाडी रिकामी समजून बोल्ट कसले होते. चूक तिचीच होती.

तिने जॅक लावला. डाव्या स्प्रिंगखाली रबराचं जाड पॅकिंग घातलं, बोल्ट सैल ठेवले आणि गाडी खाली सोडली. आता डावा कोपरा बेचाळीसवर ताठ उभा राहिला.

इंद्रजीत पोट धरून हसला. "आता दुसऱ्या बाजूला पडली!"

द्वारकाने मागचं डावं दार पूर्ण उघडलं. हात पुसले, पदर सारखा केला आणि घरी पाहुणा यावा तशी म्हणाली, "या. बसा निवांत. आजवर कुणी विचारलं नसेल तुम्हाला, मी विचारते."

आणि एक पाऊल मागे सरली.

गाडी कलली. थांबली. मग सावकाश खाली आली.

अडतीस. उजवीकडे अडतीस, डावीकडे अडतीस.

इंद्रजीतचं हसू तोंडातच राहिलं. द्वारका गाडीखाली सरपटली आणि तिने एकेक बोल्ट असा कसला की पान्याचा आवाज पार चौकापर्यंत गेला. बाहेर आली तेव्हा तोंडभर काळं आणि त्यातून दात दिसत होते. "बोल आता," ती इंद्रजीतला म्हणाली.

गुरुवारी साडेबाराला सरांचा फोन आला. "पास! साहेबांनी चारही कोपरे दाबून पाहिले. म्हणाले, नवी गाडी अशी उभी राहत नाही." द्वारकाने फोन कानाला तसाच ठेवून रांगेला ओरडून सांगितलं. चहावाल्याने पहिला कप तिला दिला. दुपारी इंद्रजीत एक अडलेली गाडी ढकलत तिच्या दारात घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, आपण जरा बघता का?" वीस वर्षांत पहिल्यांदा 'आपण'! तिला हसू आवरेना. आयुष्यात इतकं बरं तिला क्वचितच वाटलं होतं.

साडेचारला सर स्वतः आले.

"पेढे द्यायला दोनला आलो होतो. शटर बंद. एक ते चार बंद ठेवायचा पुण्याचा नियम आपण पाळता, आनंद आहे. म्हणून कार्डावरच्या पत्त्यावर, आपल्या घरी गेलो. मुलीच्या हातात दिले. गोड मुलगी आहे, अभ्यास करत एकटीच बसली होती."

"अपेक्षा," द्वारका हसत म्हणाली. "परीक्षा आहे तिची. मी दोनला सामान आणायला गेले होते." बोलता बोलता सवयीने तिची नजर गाडीकडे गेली.

मागचा डावा कोपरा वर होता.

तिने टेप लावली. बेचाळीस. दार उघडून हळूच म्हणाली, "बसा." थांबली. पुन्हा म्हणाली. गाडी हलली नाही.

"सर, घरी किती वेळ थांबलात?"

"दोनच मिनिटं," सर म्हणाले. "खाली आलो तर मागचं दार सताड उघडं. मीच नीट लावलं नसेल."