वेड्या राघूंची दरड

बस गं पोरी, सावलीला सरक. प्रेमाची गोष्ट हवीय ना? सांगते. पण मधे मधे "मग? मग?" करायचं नाही, दम लागतो मला.

तेव्हा मी अस्वानला, नीलच्या काठच्या राखीव रानात राखणीला होते. वरून वाळवंटाची झळ, खाली पाणी. लग्नाचं वय केव्हाच मागं पडलेलं. दिवसभर बाभळीखाली बसायचं, पाखरं बघायची, झाडाला कुणी हात लावला की ओरडायचं.

एक दिवस गाढव घेऊन एक उंच माणूस आला, आणि आल्या आल्या दरडीत फावडं घातलं की त्यानं!

"ए! हात आवर! बिळं दिसत नाहीत? वेड्या राघूंची पिल्लं आहेत आत."

थांबला बिचारा. शाझली त्याचं नाव. उभी हयात कैरोत लोकांच्या स्वयंपाकघरात राबून गावी परतलेला. डोळ्यांत नुसती झोप.

"बाई, खोली लिंपायचीय. लग्नाची. अशी चिकट माती दुसरीकडं नाही."

आमच्याकडं लिंपण निघालं म्हणजे लग्न तोंडावर आलं.

"पिल्लं उडू देत. मग ने."

"कधी उडतील?"

"त्यांनाच विचार."

हसला... दमलेलं हसू. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"उडाली?"

"पंख तरी फुटू देत, मेल्या."

"मग चहा तरी द्या."

रोजचंच झालं ते. मी पाय चोळत बसायची, तो चहा फुंकत. राघू माशी धरून यायचा, फांदीवर आपटायचा, बिळात शिरायचा. शाझली म्हणायचा, "आता आत बायको विचारणार, एवढंच आणलंत?" मला हसू फुटायचं. किती वर्षांनी हसत होते मी!

एकदा घोरपड चढली दरडीवर. मी गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत हा फावडं घेऊन धावला, घसरला, चिखलात आडवा! घोरपड मात्र पळाली. मी ओढणीनं त्याचं तोंड पुसलं... आणि हात तिथंच राहिला. दोघांनीही नजर वळवली. मनात म्हटलं, नबरा, शुद्धीवर ये. याचं लग्न ठरलंय. पिल्लं उडाली की माती नेईल, की संपलं.

आणि उडाली! एका सकाळी सगळी बाभळीवर रांगेत, हिरवीगार. मला आपलं रडूच आलं. तो आल्यावर मान वर न करता सांगितलं, "उडाली. ने माती. नवरी वाट बघत असेल."

तो दरडीशी गेला. रिकाम्या बिळाला कान लावला.

"एक आहे अजून आत."

"काही नाही. मी बघितलंय."

"आहे गं... आवाज येतोय."

"शाझली, बीळ रिकामं आहे!"

"खोली पण रिकामीच आहे की," तो मातीकडं बघत म्हणाला. "नवरी कुठली? आई म्हणाली, आधी खोली उभी कर, मग बघू. आणि माती नेली तर... उद्या काय सांगून इथं येऊ? थकलोय गं मी, नबरा. तुझ्याजवळ बसलं की बरं वाटतं. एवढंच कळतं मला."

मी फावडं ओढून घेतलं त्याच्या हातातनं.

"दे इकडं. राहायचं मला आहे, माती मीच निवडणार."

झाली गोष्ट. आता एक काम कर. खाली काठावर तो पेंगत बसला असेल. जेवायला बोलव जा. पण हाक मारू नकोस बाई, दचकतो हल्ली. नुसता खांद्यावर हात ठेव.