मंगेश मिस्त्रीची गाडी

दोनशे सदतीस, दोनशे अडतीस, दोनशे एकोणचाळीस—

“मॅडम, मिस्त्री कुठं गेलेत?”

झालं! गेला आकडा. टेबल फॅनची कॉइल भरत होते. तांब्याची तार बोटांतून सरकत होती आणि मी तोंडातल्या तोंडात वेढे मोजत होते. आमच्या मशीनवरचा काउंटर दोन हजार एकवीसच्या पुरात गेला तो गेलाच, तेव्हापासून मोजायचं ते तोंडी. वेढे कमी पडले की पंखा तापतो आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने बोटं मोडतं.

मी मान वर केली. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केस हेल्मेटने चपट झालेले आणि छातीशी घट्ट धरलेलं एक पोतं.

“मिस्त्री तुमच्यासमोर बसलाय,” मी म्हटलं. “आणि त्याच्या दोनशे एकोणचाळीस वेढ्यांची तुम्ही आत्ता वाट लावलीत.”

“म्हंजे... तुम्हीच?”

“नाही, मला शोभेला ठेवलंय.”

तो इतका ओशाळला, की मलाच हसू आलं. पण दाखवलं नाही हं! कोपऱ्यात सोल्डरिंग करणारे बाबा मात्र हसले. “पोरा, आमच्याकडे नियम आहे. जो मोजणी चुकवेल त्याने चहा सांगायचा.”

त्याने मुकाट्याने तीन चहा सांगितले.

आता जरा आमच्या दुकानाबद्दल सांगते. महाडच्या एसटी डेपोच्या मागे आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान. पुरात अख्ख्या महाडचे पंप आणि मिक्सर बुडाले, तेव्हा मी बारावीत होते. बाबांना दोन हात पुरेनात म्हणून बसले, ती उठलेच नाही. पुढे आयटीआय केलं. बाबांची नजर आता बारीक तारेवर ठरत नाही, त्यामुळे सगळं वाइंडिंग मीच करते. पण बोर्डावर नाव रामा मिस्त्रीचं, लोकांच्या तोंडी रामा मिस्त्रीच. “रामा मिस्त्रीने काय पंप भरून दिला!” असं माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मी कोण? तर मिस्त्रीची पोरगी. माझं नाव प्रियदर्शिनी आहे, चांगलं पाच अक्षरी, पण ते विचारायची कुणाला गरजच पडत नाही. मला फार लागायचं ते. कुणाला बोलून दाखवलं नाही, इतकंच.

तर, पोत्यातून निघाला एक ट्रक. हातभर लांब, मोठ्या चाकांचा, रिमोटवर चालणारा.

“पेट्रोलवर चालतो?” बाबांनी विचारलं.

“नाय, नायट्रोवर. मामेभावाचा होता. त्याचा शौक फिटला, माझ्या गळ्यात मारला.” मुलाचं नाव किशोर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी, आणि नोकरी एमआयडीसीत, पाळीवर. “त्याचं इंधन मुंबईशिवाय मिळत नाय, आणि एक डबा घ्यायचा तर माझा आठवड्याचा पगार. आवाज म्हंजे झाडं कापायच्या मशीनसारखा. ह्याला बॅटरीवर करता येईल काय? पण... जास्त पैसे नायत.”

“तुम्हाला खेळायचाय?” मी विचारलं.

“माझ्या तात्यांना.”

मग त्याने सांगितलं. तात्या, म्हणजे त्याचे वडील रावजी, तीस वर्षं ट्रक चालवत होते. कशेडी घाट त्यांना डोळे मिटून पाठ. गणपतीच्या आधी उजव्या बाजूला लकवा मारला. जीभ जड झाली, हात उचलेना. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत ठेवा. व्यायामाचा मऊ चेंडू आणला, तो त्यांनी म्हशीला फेकून मारला.

“एकदा हा ट्रक चालू करून दाखवला. धुरानं खोकून बेजार झाले, पन रिमोट सोडीनात. तेव्हा बोट हललं त्यांचं... जरासं.” त्याने स्वतःचं उजवं बोट हलवून दाखवलं. बोलता बोलता डोळे भरले, तर रस्त्याकडे बघायला लागला.

मी ट्रक माझ्याकडे ओढला. “ठेवून जा. बघते.”

“बघते नको. होईल म्हना.”

“अहो, होईल!”

दिवाळी नुकतीच झाली होती. पहिली पाळी सुटली की तो रोज यायचा. कामात हातभार लावतो म्हणायचा, पण लावायचा तो कमीच. बसायचा समोरच्या स्टुलावर आणि माझ्या हातांकडे बघायचा. इंजिन, टाकी, सायलेन्सर सगळं उतरवलं. भंगारवाल्याकडून एक मेलेली ड्रिल मशीन आणली, तिची मोटार ठणठणीत होती. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले जिवंत सेल निवडले. मोटार बसवायला खिडकीच्या ॲल्युमिनियमची पट्टी. विकत घेतला तो फक्त वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर. इंजिनवरचा छोटा दातेरी गिअर मी फेकला नाही, लेथवाल्याकडून त्याच्या भोकात पितळी बुश बसवून तोच मोटारीवर चढवला. ट्रकच्या मोठ्या गिअरशी त्याचेच दाते जुळत होते.

“आता हे दोन गिअर किती जवळ आणायचे, ते महत्त्वाचं,” मी म्हटलं. “फार जवळ आले तर घासतात, लांब राहिले तर दाते सटकतात. कागद द्या एक.”

त्याने खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढलं. ते मी दोन गिअरच्या मध्ये धरलं, दाबलं. “आता तुम्ही स्क्रू आवळा.”

तो वाकला. त्याचं कपाळ माझ्या कपाळापासून वीतभर. कंपनीच्या साबणाचा वास... आणि बाहेर अवकाळीची एक सर पत्र्यावर ताडताड वाजायला लागलेली. बाबा नेमके सोल्डर आणायला गेलेले.

“बास?” त्याने विचारलं. आवाज एवढासा.

“अजून जरा.”

“आता?”

“आता... हो.”

स्क्रू आवळून झाला होता. कागद ओढून काढायचा तेवढा राहिला होता. तो कुणीच काढेना.

“मोजताय काय?” तो म्हणाला.

“काय मोजू?”

“नाय, गप्प झालीस... झालात, म्हनून म्हटलं.”

“झालीस म्हटलं तरी चालेल,” मी म्हटलं, आणि तिकीट सर्रकन ओढलं. कान तापले होते माझे.

ट्रक तयार झाला, तो घरी घेऊन गेला, आणि आठ दिवसांनी आला तो धावतच. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

“तात्यांनी खळ्यात दोन फेऱ्या मारल्या! उजव्या हातानं! आणि तुला सांगतो, नायट्रोला रिव्हर्स नव्हता. तात्यांना कळलं की आता रिव्हर्स हाय, तर खाटल्यावरून उठून बसले. मागं घेऊन, मागं घेऊन गोठ्याच्या दारात बरोब्बर लावला. आख्खी वाडी बघायला जमली व्हती गो!”

त्या ‘गो’ने मी पुरती विरघळले. एवढा आनंद मला दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

“मग? काय म्हणाले? कुणी केला म्हणून विचारलं असेल ना?”

त्याचा चेहरा बदलला. हेल्मेट काढून त्याने ते दोन्ही हातांत फिरवलं.

“विचारलं. तात्यांचा हेका हाय, मिस्त्रीला जेवायला आन. रविवारी. कोंबडी कापतो म्हनाले.”

“मग येते की!”

“तसं नाय... मी त्यांना सांगितलंय, महाडचा एक मिस्त्री हाय. मंगेश.”

“कोण मंगेश?”

“कोन नाय. असंच आलं तोंडात.” त्याने बाबांकडे बघितलं, मग खाली. “रामाकाका एक दिवस येतील काय? मंगेश म्हनून?”

दुकानात सोल्डरिंगचा धूर तेवढा हलत होता. बाबांनी मान वर केली नाही.

मला आधी वाटलं, मुलगी म्हणून लपवलं असेल. ते मी एक वेळ गिळलं असतं, सवय होती. पण मग डोक्यात प्रकाश पडला. बाबा तर पुरुष आहेत, खरेखुरे मिस्त्री आहेत. मग त्यांनी रामा म्हणून का नाही जायचं? कारण रामा मिस्त्री कोण, कुठल्या वस्तीतला, हे पोलादपूरपर्यंत ठाऊक आहे. बाबा चालणार होते, पण मंगेश होऊन.

“जातीमुळे?” मी सरळ विचारलं.

त्याने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, “वाडीतली मानसं... तुला म्हाईत नाय.”

“मला चांगली माहीत आहेत! मला तू माहीत नव्हतास. काय रे किशोर, माझ्या हाताने केलेली गाडी चालते, माझ्या हाताकडे तासन् तास बघायला चालतं, आणि नाव घ्यायची वेळ आली की मंगेश? जा, त्या मंगेशलाच घेऊन जा जेवायला. आणि पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढू नकोस!”

तो गेला.

“गाडी नीट चालते ना?” बाबा हळूच म्हणाले. “मग झालं.”

“नाही झालं, बाबा.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “हो,” ते म्हणाले. “नाहीच झालं.”

पुढचे बारा दिवस मी नुसती चिडलेली होते. गिऱ्हाइकांवर, तारेवर, मुंग्यांवरसुद्धा. आणि खरं सांगू? राग होता तेवढीच आठवणही यायची, त्याचा आणखी राग. तीन वाजले, पाळी सुटायची वेळ झाली की मान आपोआप रस्त्याकडे वळायची. मी स्वतःला बजावलं, प्रियदर्शिनी, ज्याला तुझं नाव जड होतं त्याच्यासाठी मान वळवायची नाही. मान ऐकते कसली!

तेराव्या दिवशी, बाजाराची गर्दी असताना, दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी एक काठी उतरली, मग पांढऱ्या मिशांचे एक दांडगे म्हातारे. उजवा पाय ओढत, पण ताठ. मागून किशोर, दोन्ही हातांत ट्रक. माझ्या काउंटरला चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यात पोलादपूरचे चंदूशेठसुद्धा, ज्यांना तालुक्यातली प्रत्येक खबर आधी लागते आणि मग ती सगळ्यांना लागते.

किशोरने त्यांच्याकडे बघितलं. घाम फुटला होता त्याला. वाटलं, आता वळेल आणि जाईल.

“तात्या,” तो म्हणाला, आणि आवाज नेहमीपेक्षा मोठाच आला. “मंगेश मिस्त्री कोन नाय. मी खोटं बोललो व्हतो ते तुम्हांला सांगितलंच. हा ट्रक हिनं केला. हिचं नाव प्रियदर्शिनी. हे तिचे वडील, रामा मिस्त्री.”

चंदूशेठच्या भुवया कपाळात गेल्या.

“आनि दुसरं,” किशोर म्हणाला. मग अडकला.

“दुसरं काय?” मी विचारलं. हातातली तार मी काउंटरवर ठेवली.

“तुला ठाऊक हाय.”

“ठाऊक असून चालत नाही. मागच्या वेळीही मला वाटत होतं, ठाऊक आहे.”

त्याने चंदूशेठकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. “मला प्रियदर्शिनी आवडते. लगीन करीन तर हिच्याशी. घरी आई बोलत नाय चार दिवस झाले, वाडीत अजून बोलायचं बाकी हाय. पन बोलनार मी. तिला मी नको असलो तर... तरी नाव तिचंच सांगीन.”

मला रडू येत होतं आणि रागही अजून पुरता गेला नव्हता. “बघते,” मी म्हटलं.

“बघते नको—” तो म्हणायला लागला, तेवढ्यात तात्यांनी काठी आपटली.

“झाला काय तुझा?” एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले. “सरक. मला... मिस्त्रीशी बोलायचाय.”

ते काउंटरपाशी आले. मला वाटलं, आता सुनावतील. त्यांनी ट्रक माझ्यासमोर ठेवला आणि उजवा हात, तोच हात, हळूहळू उचलून पुढच्या चाकावर टेकवला.

“डावीकडं... वडते हाय,” ते म्हणाले. “सरळ रस्त्याला बी. बघ.”

तीस वर्षं घाटात ट्रक चालवलेला माणूस माझ्याकडे गाडीची तक्रार घेऊन आला होता. बाबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. तक्रार माझ्याकडेच केली.

“स्टिअरिंगची दांडी जरा लांब झाली असेल,” मी म्हटलं. “आत्ता करते.”

“नाव काय... म्हनाला तो तुझा?”

“प्रियदर्शिनी.”

“प्रिय...” त्यांची जीभ अडली. “प्रियद... द...”

“तात्या, प्रिया म्हना,” किशोर मागून म्हणाला. “सोप्पं जाईल.”

“गप रे!” म्हातारा कडाडला. “पुरा म्हनूं दे.”

चंदूशेठ पुढे झुकले, बाबांनी सोल्डर खाली ठेवलं. तात्यांनी डोळे मिटले, ओठ जुळवले आणि एकेक अक्षर करत, धापा टाकत, माझं नाव घेतलं. पाचही अक्षरं. मग घाम पुसून मान हलवली, घाट चढून आल्यासारखी.

मी स्क्रूड्रायव्हर शोधायला काउंटरखाली वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. स्क्रूड्रायव्हर तर वर, समोर ट्रकशेजारीच पडला होता.