भासऱ्यासमोरची पावलं

"बहू नाटक करून राहिली, मॅडम!"

कुडव्याच्या दवाखान्यात डोमनलाल सगळ्यांदेखत बोलले, आणि त्यांच्या धाकट्या भावाची बायको सुलोचनाबाई शरमेनं अर्धी झाली. "माझ्यासमोर धड चालते, अन् धान लावायचा रोवणा आला का म्हणते, मले चालवत नाही!"

चालणं तपासणाऱ्या रेणू मॅडमनी फरशीवर चिकटपट्टी लावली होती. खुर्चीवरून उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळून परत यायचं, बस! सुलोचनाबाई हळू, पण सरळ चालली. मग डोमनलाल पाणी प्यायला बाहेर गेले, तर ती चक्क लंगडली. ते परतले, पुन्हा सरळ! मॅडम कधी घड्याळाकडे बघत, कधी तिच्या पायांकडे.

"बाई, यातली तुमची चाल कोणची?"

तिलाच उमगत नव्हतं. खरंच ढोंग करते का मी? डोमनलालांच्या बायकोला, जाऊबाई शांतीबाईंना, शेवटच्या आजारात दोन वर्षं खाटेवरून उचलता-उचलता खुब्यात उठलेली ती कळ तिनं कुणालाच सांगितली नव्हती... पण मग हे दुखणं भासऱ्यासमोर, या थोरल्या दिरासमोर, जातं तरी कुठं?

रेणू मॅडमनी पुन्हा चालवलं. नाकापर्यंत पदर, नजर खाली, भिंतीच्या कडेनं बोट बोट पावलं.

"घरी यांच्यासमोर अशाच चालता?"

"भासरे आहेत ना, मॅडम... तीस वर्षं झाले."

"इतक्या लहान पावलांत लंगडणं कुठून दिसणार! काका, जरा भिंतीकडे तोंड करा."

डोमनलाल कुरकुरत वळले. सुलोचनाबाईनं पदर मागे घेतला आणि भीत भीत मोठं पाऊल टाकलं. एक जड, एक हलकं... एक जड, एक हलकं...

डोमनलाल दचकले. हा आवाज! बहू शांतीला उचलायला यायची तेव्हा तिच्या खोलीतून रोज पहाटे हाच यायचा, आणि आपण कूस बदलून पुन्हा झोपत होतो!

"मॅडम, तिले सांगा..." तीस वर्षांत ते तिच्याशी थेट बोलले नव्हते. भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "बहू... मीच चुकलो. आता माझ्यासमोरही अशीच चाल. लंगडत चाल, पण लपवू नको!"

तिचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"लय दुखते जी..." ती म्हणाली.