प्रार्थनेचं बटण

भर दुपारी रिकाम्या चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकाशी गुडघे टेकून बसली होती, आणि दारातून आत आलेल्या माणसाला वाटलं, बिचारी केवढ्या दुःखात आहे! तो भला माणूस तिथेच थबकला. बुटांचा आवाज नको म्हणून अंग चोरून उभा राहिला. ती उठायची, पुन्हा गुडघे टेकायची. पुन्हा उठायची, पुन्हा टेकायची. त्याला अगदी गलबलून आलं... आणि नेमकं तेव्हाच फुलदाणीतल्या फुलांचा वास नाकात शिरून त्याला अशी सणसणीत शिंक आली, की छतापर्यंत घुमली.

"झालं! लागली वाट!" ती ताडकन उठली.

"माफ करा हं... तुमची प्रार्थना मोडली."

"कसली प्रार्थना? रेकॉर्डिंग चाललं होतं!" तिने बाकाखालून माईक ओढून काढला. "गुडघे लाकडावर टेकताना जो आवाज येतो ना, तो. आत्ता कुठे मनासारखा आला होता."

"गुडघ्यांचा आवाज घेऊन... करता काय त्याचं?"

"व्हिडिओ गेम."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वेदीकडे. मग त्याला हसू फुटलं. तिने रागावून बघायचा प्रयत्न केला, पण त्याच्या हसण्यात अशी काही लागण होती की तीही हसली. तो दातांचा डॉक्टर होता, समोरच्याच रस्त्यावर त्याचा दवाखाना. गायकवृंदात गाणारी त्याची आई चष्मा विसरून गेली होती, तो न्यायला आला होता. चष्मा सापडला. तरी डॉक्टर निघेनात!

आता हिची गोष्ट. घरात तिला सगळे छोटी म्हणत, आणि गेली काही वर्षं ती एकटीच हा खेळ बनवत होती. चित्रं तिची, कोड तिचा, आवाज तिचे, आणि वैतागून डोकं धरून बसायचं कामही तिचंच. खेळात एक बहीण होती. बापाशी भांडून घर सोडून गेलेल्या भावाला शोधायला ती डोंगरात निघते. धुकं, सोसाट्याचा वारा, हातात दिवा, आणि दिव्यातलं तेल संपत आलेलं. अडचणीत सापडली की तिने गुडघे टेकून प्रार्थना करायची. त्यासाठी एक बटण होतं, आणि सगळं घोडं अडलं होतं ते त्या बटणापाशी.

खेळ बनवणारे मित्र म्हणायचे, "हे प्रवचन झालं गं." चर्चमधली मंडळी म्हणायची, "छान आहे, पण तो भाऊ घर सोडून जातो ते काढून टाक ना!" छोटीने अक्षरशः हात टेकले होते. शेवटी ताईनेच पेच सोडवला. ताई म्हणजे थोरली बहीण, बँकेत नोकरीला, बोलायला एक घाव दोन तुकडे.

"येत्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये दाखवते आहेस ना? मी खेळते सगळ्यांसमोर. शेवटपर्यंत माझं मन रमलं, तर जन्मभर बनव. नाहीतर ती दुसऱ्या शहरातली नोकरी मुकाट्याने धरायची."

पत्त्यांचे खेळ बनवणारी कंपनी होती ती. छोटीने ताईच्या अटीला होकार दिला होता. आणि ताईने आजवर एकदाही हा खेळ शेवटपर्यंत नेला नव्हता, मधेच उठून कपडे वाळत घालायला जायची!

"मी खेळून बघू?" हे सगळं तिच्या तोंडून ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरने आपणहून विचारलं. दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या खोलीत येऊन बसला.

"एक नियम आहे," ती म्हणाली. "खेळणारा खेळत असताना बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मी काहीच सांगणार नाही."

"आमच्याकडे उलटं असतं. मी बोलतो आणि समोरचा तोंड उघडं ठेवून गप्प बसतो."

ती शेजारी बसून राहिली. जिभेला कुलूप. त्याची लांब, स्वच्छ बोटं, भुवईवरचा बारीकसा व्रण... छे! तिने नजर पडद्यावर वळवली. पडद्यावर डॉक्टर सारखे गुडघेच टेकत होते. टेकले की तेल भरायचं, पुन्हा टेकले की पुन्हा भरायचं. दिवा काठोकाठ भरला आणि त्याने मोठी जांभई दिली.

"कंटाळलात?"

"खरं सांगू?" तो चाचरला. "भीतीच वाटत नाही हो. गुडघे टेकले की तेल... माझ्या दवाखान्यात पाण्याचं मशीन आहे ना, तसं झालंय हे."

ते लागलं तिला. चांगलंच लागलं. "तुम्ही शेवटची प्रार्थना कधी केली होतीत, डॉक्टर?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"बाबा आजारी होते तेव्हा. काही भरलं-बिरलं नाही. मी आतल्या आत नुसता ओरडत होतो, त्यांना बरं कर, बरं कर. मग आई आली. टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, शेजारी बसली. आणि तेव्हा मला बाबांचा श्वास ऐकू आला. किती शांत चालला होता... माझ्याच गोंगाटात मला ऐकूच आला नव्हता. पुढच्या आठवड्यात ते गेले. पण त्या दिवशी मी त्यांच्याजवळ होतो."

छोटीचा राग कुठल्या कुठे पळाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही एकदमच झाल्यामुळे ती रडतेय की हसतेय, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

"उद्या या," ती म्हणाली. "मला तुमचा श्वास हवाय."

"अं?"

"म्हणजे... रेकॉर्डिंगसाठी!"

दुसऱ्या दिवशी तिने माईक त्याच्या ओठांपाशी धरला. "नेहमीसारखा घ्या. दमलेला माणूस दगडाला टेकून बसलाय, असा."

"तुम्ही इतक्या जवळ बसल्यावर नेहमीसारखा कसा येईल?"

"डॉक्टर, बोलू नका. आवाज येतोय त्यात."

"श्वासाचा?"

"नाही... धडधडण्याचा," ती म्हणाली, आणि ते कुणाचं, हे सांगायच्या आत गोरीमोरी होऊन माईकची वायर गुंडाळायला लागली.

रविवारी हॉल भरला. पाळकसाहेब, पोरंटोरं, डॉक्टरची आई, सगळे. ताई पदर खोचून पडद्यासमोर बसली. वारा घोंघावत होता, तेल सरत होतं. ताईने बटण दाबलं, पडद्यावरच्या मुलीने गुडघे टेकले. तेल काही भरलं नाही.

"अगं, बिघडलाय तुझा खेळ!"

नियम तिचाच, छोटीला काही सांगता येईना. ताई आता उठणार... पण मुलगी गुडघ्यांवर होती तोवर वारा हळूहळू उतरत गेला. पार थांबला. आणि त्या शांततेत, दूर डावीकडून, कुणाचातरी दमलेला श्वास ऐकू आला.

"अगं बाई," ताई पुटपुटली. "तिथे आहे होय तो!"

ती त्या बाजूला वळली. चालली की वारा सुटायचा, श्वास हरवायचा. मग ती पुन्हा थांबायची, गुडघे टेकायची, कान द्यायची. पोरंसुद्धा चिडीचूप झाली. दिवा विझता विझता दगडाआड भाऊ सापडला, तेव्हा ताईचा चष्मा ओला झाला होता.

"कळव त्या कंपनीला," ती नाक ओढत म्हणाली. "नाही येत म्हणावं."

"ताई..." छोटीने तिला गच्च मिठी मारली.

"सोड, गुदमरवशील! आणि भाऊ म्हणून श्वास कुणाचा घेतलायस गं?"

छोटीची नजर हॉलच्या मागच्या बाजूला गेलीच. ताई काय समजायचं ते समजली.

मागे डॉक्टर खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होता. ती जवळ गेली तरी तो लावतच राहिला, एका खुर्चीत बोट चिमटलं तेव्हा कुठे थांबला.

"म्हणजे... जात नाही तुम्ही?"

"नाही."

"हुश्श!" त्याचा जीव भांड्यात पडला. "रोज मागत होतो. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"कुणाकडे?"

त्याने वर बोट दाखवलं.

"पण तुम्हीच तर म्हणालात, मागून काही भरत नाही!"

"नाहीच भरत. गुडघे टेकून बसलो की नुसतं शांत होतं. आणि शांत झालं की एकच गोष्ट ऐकू यायची... की हे देवाला नाही, तुम्हालाच विचारायला हवं." तो लाजला, पण मागे हटला नाही. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. तुमचं... आहे का?"

"आहे," छोटी म्हणाली. "शिंकलात, त्या दिवसापासून आहे."