शेवटच्या पानावरची हाक

जोसायस ट्रेडगोल्ड हे माझं नाव, आणि पुढे लिहिलेलं सगळं खरं आहे.

हसू नका.

‘खराखुरा वृत्तांत’ हे शब्द मी आजवर शंभरेक चोपड्यांच्या पहिल्या पानावर लिहिलेत. त्यातली एकही चोपडी खरी नव्हती. म्हणून या पानावर ते शब्द मुद्दाम घातलेले नाहीत.

पानाची सुरुवात माझ्या नावाने केली, तीही हौसेने नाही. का केली, ते पुढे कळेल.

जागा लंडनच्या पुलावरची. उत्तरेकडून सातवं दुकान, पाटीवर तीन बदकं. साल सोळाशे एक्याऐंशी. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार, दुपारचे तीन. रात्र नव्हती. मी प्यायलेलो नव्हतो.

पण आधी ऑक्टोबरमध्ये काय झालं ते सांगायला हवं.

दुकान एफ्रेम वॉडलोचं. तो पुस्तकं छापतो आणि विकतो. प्रवचनं, पंचांगं, गाणी, लोणच्यामुरंब्यांच्या कृती, सगळं. पण दुकान चालतं ते फाशीपत्रांवर. फाशी जाणाऱ्याचे शेवटचे शब्द, चार पानांत. ते मी लिहितो.

आता यातली गोम सांगतो. लोकांना हे पत्र फाशीच्या जागीच हवं असतं, गाडी पोचायच्या आधी. म्हणजे ते आदल्या दिवशी छापून तयार पाहिजे. म्हणजे माणूस जिवंत असतानाच त्याचे शेवटचे शब्द मी लिहून मोकळा होतो. दरवेळी मजकूर तोच, नाव तेवढं बदलायचं. सुरुवातही ठरलेली. ‘सज्जनहो,’ मग कबुली, मग रडारड, मग समाप्त.

ऑक्टोबरमध्ये अ‍ॅलिस टनिक्लिफची पाळी आली. फाटक्या लेस दुरुस्त करणारी बाई. ज्या मेणबत्तीवाल्या म्हातारीच्या घरात ती भाड्याने राहायची, तिला विष घातल्याचा आरोप.

मी तुरुंगात जाऊन तिला गजाआडून भेटलो. असं मी कधी करत नाही. त्या दिवशी पाऊस होता आणि तुरुंग वाटेत होता, एवढंच.

"अहो लिहिणारे," ती म्हणाली, "मी काही केलं नाही, एवढं लिहाल का?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका हो, लिहा. मला धाकटी बहीण आहे. तिला याच गल्लीत राहायचंय."

दुकानात येऊन मी वॉडलोला सांगितलं.

"कबुली नाही?" तो म्हणाला. "मग घेईल कोण? निरपराध बाईचं पत्र वाचून लोक घरी जाऊन जेवतील कसे? लिही कबुली."

"आणि तिने तक्रार केली तर?"

"मेलेली माणसं तक्रार करत नाहीत रे बाबा. म्हणून तर मी या धंद्यात आहे."

मी कबुली लिहिली. जाइल्स पर्किस हा आमचा जुळारी, छापायचे खिळे जुळवतो. अर्ध्या तासाने मागच्या खोलीतून तो ओरडला, "अरे लेखणीबहाद्दर, शेवटच्या पानावर दोन ओळी कमी पडतायत. भोक दिसतंय तिथे."

दोन ओळी.

मी उभ्याउभ्या सांगितल्या. ‘विष मला माझ्या धाकट्या बहिणीने, जोनने, आणून दिलं. देव तिला क्षमा करो.’

भोक बुजलं. जाइल्स म्हणाला, "बसलं झकास."

बुधवारी टायबर्नला, फाशीच्या जागी, मी गर्दीत उभा होतो. गाडी थांबली. दोर गळ्यात पडला. अ‍ॅलिसने मोठा श्वास घेतला, आणि म्हणाली, "सज्जनहो..."

बस्स.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी आमचं पत्र उघडलं आणि तिथूनच मोठ्याने वाचायला लागला. मग दुसरा. मग पन्नास जण. माझे शब्द, तिच्या तोंडावर. ती ऐकत राहिली. जोनचं नाव आलं तेव्हा तिने पुन्हा एक मोठा श्वास घेतला, काहीतरी ओरडण्यासाठी.

तेवढ्यात तिच्या पायाखालची गाडी हलली.

तो श्वास तिने सोडलेला मी पाहिला नाही.

जोनला त्याच आठवड्यात, शुक्रवारी पकडलं. वय एकोणीस. बटणं शिवते. गल्लीतल्या बायकांनीच तिला केसांना धरून शिपायाच्या हवाली केलं. एकीच्या हातात आमचं पत्र होतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. मी काही केलं का? नाही. खोटं छापणाऱ्याचे कान खोड्याला खिळ्यांनी ठोकतात, आणि मला माझे कान प्रिय होते.

आता तो गुरुवार.

पुलाखाली पाणी दिवसरात्र गर्जत असतं. कमानी अरुंद, नदी मोठी. आम्ही जन्मभर एकमेकांशी ओरडूनच बोलत आलो आहोत. जाइल्स नव्या वर्षाच्या पंचांगाचा शेवटचा कागद छापत होता. त्याने छापयंत्राचा दांडा ओढला, कागद उचलला...

आणि पाण्याचा आवाज थांबला.

कमी झाला नाही. थांबला.

त्या शांततेत श्वास ऐकू आला. आत ओढलेला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

मग पाणी पुन्हा गर्जायला लागलं. जाइल्सचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"ही हाक कुणी घातली इथे?" त्याने विचारलं.

हाक म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात आम्ही एक सुटा शब्द छापतो. पुढच्या पानाचा पहिला शब्द. म्हणजे पानं लावताना उलटसुलट होत नाहीत. हे पान पुढच्या पानाला हाक मारतं, म्हणून आम्ही त्याला हाकच म्हणतो. शेवटच्या पानावर हाक नसते. पुढे पानच नाही, हाक मारणार कुणाला?

पंचांगाच्या शेवटच्या पानावर, समाप्तच्या खाली, शब्द होता.

‘जोनने’

"थट्टा करतोस?" मी म्हणालो.

"आईची शपथ. बघ की इथे."

मी वाकून बघितलं. खिळ्यांच्या चौकटीत त्या जागी काहीच नव्हतं. नुसती लाकडाची पट्टी. मी बोट लावलं. कोरडी.

जाइल्सने दुसरा कागद काढला. ‘जोनने’. तिसरा. ‘जोनने’.

वॉडलोने ते सगळे कागद चुलीत घातले आणि जाइल्सच्या कानाखाली एक ठेवून दिली. "पुन्हा मस्करी केलीस तर नदीत फेकीन."

सोमवारी लोणच्यांचं पुस्तक छापलं. जाइल्सने कागद उचलला... पाणी थांबलं... श्वास.

‘काही’

त्याच्या पुढच्या आठवड्यात प्रवचन.

‘आणलं’

मग एक गाणं. नाविक आणि त्याची बायको, दारूच्या गुत्त्यात म्हणायचं. चावट गाणं. समाप्तच्या खाली...

‘नाही’

जोनने काही आणलं नाही.

त्या दिवशी जाइल्स जेवला नाही. मीही नाही. वॉडलो दोन पावाचे तुकडे आणि चीज एकटाच खात बसला आणि म्हणाला, "कोणीतरी वैरी आपल्यावर उठलाय. बाकी काही नाही."

पण मी बघत होतो. तो खाताना दरवाजाकडे पाठ करून बसत नव्हता.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. एका पाद्र्याची विधवा आली, याच पुलावर राहणारी, हातात प्रवचन. सहा वर्षांपूर्वी विकलेलं, जुनं. "अहो वॉडलो, याचं पुढचं पान कुठाय?"

"पुढचं पान नाहीच बाई. संपलंय ते."

"मग खाली ही हाक कसली? काल नव्हती ही."

वॉडलोने फळीवरचं एक पुस्तक ओढलं. मग दुसरं. मग सगळी. वीस वर्षांत त्याने जे जे छापलं, त्या प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर, त्या चारांपैकी एक शब्द.

मला राहवलं नाही. मी कोर्टात गेलो. कानाचं काय व्हायचं ते होवो.

जोन पिंजऱ्यात उभी होती. बहिणीसारखंच कपाळ. मी पत्र पुढे केलं आणि म्हणालो, "सरकार, बहिणीच्या त्या दोन ओळी माझ्या आहेत. पानावर जागा उरली होती, म्हणून घातल्या."

न्यायाधीशांनी पत्र उलटून पाहिलं. "यावर तर ‘खराखुरा वृत्तांत’ असं छापलंय."

"ते खोटं आहे, सरकार."

"म्हणजे तू खोटं लिहितोस."

"हो, सरकार."

"पोटासाठी?"

"हो, सरकार."

"मग आज इथे उभं राहायला तुला कुणी किती दिले?"

सगळे हसले. मी पिशवी उघडून शेवटची पानं बाहेर काढली. पंचांग, लोणची, प्रवचन, गाणं. एकेक उलगडून दाखवलं...

कोरी. समाप्तच्या खाली काहीच नव्हतं.

जोन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. ‘हाच तो’ एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. तिला शिक्षा झाली. फाशी, येत्या सोमवारी.

पुलावर पाय ठेवला आणि पिशवीतली पानं परत उघडली. शब्द जागच्या जागी होते.

आज शनिवार. सकाळी वॉडलो म्हणाला, "जोनची कबुली लिहायला घे. आणि या वेळी ओळी नीट मोज."

इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. आणि तो सगळा त्याच्यावरचा नव्हता, हे कळून आणखी आला.

मी लिहायला बसलो नाही. दुपारी जाइल्सने एका शिंप्याची जाहिरात छापली. साधी, एका पानाची. त्याने कागद उचलला... पाणी थांबलं. या वेळी श्वास माझ्या कानाजवळ होता. गार.

जाहिरातीच्या खाली, उजवीकडे.

‘जोसायस’

जाइल्सने माझ्याकडे बघितलंच नाही. "तुला हाक आलीय," तो म्हणाला. "पुढचं पान तुझ्या नावाने सुरू व्हायला हवं. आमच्या कामाचा नियमच आहे तो."

म्हणून हे पान माझ्या नावाने सुरू केलंय.

वॉडलो संध्याकाळी मेहुणीकडे जेवायला गेला. उद्या रविवार, तो चर्चमध्ये असेल. तेवढ्यात जाइल्स हे छापेल आणि सोमवारी टायबर्नला आम्ही हे फुकट वाटू. तुमच्या हातात आलं असेल, तर माझं एक ऐका. जोनने काही आणलं नाही. ते मी आणलं, दोन ओळींत. शिपायांना सांगा, पाद्रीबाबांना सांगा, ओरडून सांगा. गाडी हलू देऊ नका.

आणि ती तोंड उघडेल तेव्हा गप्प राहा. हे पानसुद्धा मोठ्याने वाचू नका. तिला बोलू द्या.

मजकूर इथे संपला होता. जाइल्सने पहिला नमुना आत्ताच काढून आणलाय. या खालच्या ओळी मी त्यावर हाताने लिहितोय. जुळवायच्या की नाही, ते त्याने ठरवावं.

त्याने कागद उचलला तेव्हा पाणी थांबलं...

श्वास आला. मोठा, छाती भरून.

तो मीच घेतला होता. का घेतला, मला ठाऊक नाही. अजून नीट सोडता येत नाहीये.

कोपऱ्यात नवी हाक आहे, शाई अजून ओली. त्या शब्दाने मी आजवर फक्त फाशी जाणाऱ्यांची पानं सुरू केली. पुढचं पान अ‍ॅलिसचं राहिलेलं आहे की माझं, ते मला सांगता येत नाही.

समाप्त

सज्जनहो,