तलावाकाठची वाळलेली रांग

"म्याडम, तलावावर या लवकर. राईच्या मधातली झाडं आपल्याआप नाई मेली. कोनं तरी मारली."

माळी दसरूचा फोन आला तेव्हा ज्योत्स्ना गुरनुले चहा गाळत होती. गाळणी तशीच ओट्यावर राहिली.

वैनगंगेकाठच्या ज्या लहानशा शहरात ती नगर परिषदेची वृक्ष अधिकारी होती, त्याचं नाव इथं घेत नाही. तिथली माणसं आधीच पोळली आहेत. मिरवावं असं त्या शहराकडे फारसं काही नव्हतं. होती ती तलावाकाठची राई. मुख्याधिकारी साहेबांच्या मागे लागून ज्योत्स्नाने ती शहरी वनांच्या स्पर्धेत उतरवली होती. यादीत आली, की तिथे कुणाला घरं बांधता येणार नव्हती. मोजणीचं पथक याच आठवड्यात यायचं होतं.

थंडी सुरू झाल्यापासून राईतली काही करंजं वाळत चालली होती. वाळवी असेल, म्हणून सगळे गप्प राहिले. तीसुद्धा.

दसरूने एका बुंध्यावरचा वाळलेल्या चिखलाचा लेप खरवडला. आत सालीचं कडं सोललेलं, पार लाकडापर्यंत, चहूबाजूंनी. असं झाड लगेच पडत नाही. महिनोन्महिने उपाशी राहून वाळतं. शेजारच्या झाडाला तेच. त्याच्या पुढच्यालाही.

ज्योत्स्नाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर?

ठाणेदार भोयर आले ते मिशीला पीळ देतच.

"मेलेली झाडं कुठून कुठवर?"

"तलावाच्या पाळीपासून, बांधापासून, डांबरी रस्त्यापर्यंत," दसरू म्हणाला. "सरळ, राईच्या मधोमध. बाकी एकाही झाडाले हात लावला नाई."

"म्हंजे रस्ता काढाचा डाव! पाळीच्या पल्याड पवन बिल्डरचे प्लॉट आहेत. त्याले बोलावतो. पन मले सांगा, हे शहरी वन म्हंजे बगिचाच ना?"

"तोच तर घोळ होता," ज्योत्स्ना म्हणाली. "कोणतं शहर रस्त्याकडेची झाडं वन म्हणून दाखवायचं, कोणतं बगिच्यातलं गवतबी. कोणाचा नंबर खरा, कळेच ना. औंदा सगळ्याईले एकच माप लावलं. कमीत कमी अडीच एकर जागा, सलग, अन् वर झाडाईची सावली. झुडपं, गवत मोजणीत धरत नाई."

"सलग म्हंजे?"

"मधात न तुटलेलं. वॉर्डातल्या बायांच्या सभेत एवढंच सांगितलं, वन सलग पायजे, तेव्हा एकीनं विचारलंबी होतं, मधातून तुटलं तं? दोन तुकडे होतील, दोन्ही लहान, मंग वन नाई राह्यत, म्हटलं मी."

बोलत बोलत दोघं पायवाटेने चालले होते. दोन्ही बाजूंना रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं माणसाच्या वर गेलेली. याच वाटेवरून पावसाळ्यात बिबट्याने डिंपल नावाची शाळकरी पोर उचलून नेली होती. रुखमाबाई ढिवरणीची नात. ठाणेदारांनी वेग वाढवला, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पवनला ठाण्यात नव्हे, राईतच बोलावलं.

"झाडं तूच मारली ना?"

"मी काऊन मारीन, सायेब? माहा बोर्ड वाचा ना. 'वनाशेजारी आपलं घर!' माहा धंदाच या झाडाईवर चालून राह्यला. वन गेलं तं प्लॉट कोन घेईन?"

"रस्ता नको तुले?"

"पाळीवरून हाये ना रस्ता. मंजूर हाये."

ठाणेदारांचा चेहरा पडला. हाती आलेला आरोपी असा हातचा गेलेला कुणाला आवडेल?

ज्योत्स्ना मात्र झाडांपाशी बसली होती. बसली म्हणूनच तिला दिसलं. कड्यावरचे काप लहान लहान, सुरीचे, आणि सगळे खाली, उकिडवं बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. बिल्डरची माणसं असती तर करवत लावून मोकळी झाली असती. तिने मुळाशी पडलेला पाला सारला. करंजाच्या पायथ्याशी हळदकुंकू होतं, ओल धरून काळवंडलेले तांदळाचे दाणे होते. दुसऱ्या झाडाशीही. एका कापात, वाळलेल्या चिकात, काहीतरी चमकत होतं. तिने नखाने काढलं. माशाचा खवला.

"ठाणेदार साहेब," ती हळूच म्हणाली, "मारणाऱ्यानं एकेका झाडाची माफी मागितली आहे."

तिने खवला रुमालात गुंडाळला आणि ठाणेदारांना घेऊन मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्याची वाट धरली. कारण सभेत 'मधातून तुटलं तं?' हा प्रश्न कुणी विचारला होता, हे तिला आता आठवलं होतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

ढिवर मोहल्ल्यात रुखमाबाई दारात बसून मासे साफ करत होती. तिला चिकटून धाकटी नात मोनाली.

"रुखमाबाई, सभेत तुमीच विचारलं होतं ना, मधातून तुटलं तं?"

"हो."

"म्हणून मधलीच रांग मारली. कडेची झाडं मारून वन कमी झालं असतं, तुटलं नसतं. तुमाले ते तोडायचं होतं. सुरी ही, मासे कापायची. चिखल तलावाचा, घाव दिसू नये म्हणून."

रुखमाबाईने नाही म्हटलं नाही. झाडं वाळेपर्यंतच तिला घाव लपवायचे होते बहुतेक. कुणी विचारलंच नव्हतं.

"पानी पडाच्या आंधी आफिसात गेल्ती मी. म्हटलं, वाटेवरची रायमुनिया तोडा, बिबट बसते तिथी. तुमी नागपूरले गेल्या होत्या. साहेब म्हने, वन हाये, पानाले हात नाई लावाचा, शहराचा नंबर जाईन. मंग माही डिंपल गेली. तेरवी झाल्यावर पुना गेली. तेच बोलले." तिने मोनालीच्या पाठीवर मनगट टेकवलं. "हे पोट्टी त्याच वाटेनं शाळेत जाते, बाई. म्हटलं, वनच नाई राह्यलं तं झुडपं तोडतीन."

"आणि हळदकुंकू?"

"थे करंजं मुखरूनं लावले होते. माह्या मालकानं. घागरीनं पानी घालू घालू वाढवले. तो गेला, झाडं राह्यले. एकेकाले हात जोडले, मंग सुरी लावली."

ठाणेदारांनी टोपी काढून हातात घेतली.

"आता मोजनीत येत नाई ना राई?" रुखमाबाईने विचारलं.

"नाई येत."

"मंग तोडा रायमुनिया. आजच तोडा."

ज्योत्स्नाने मान डोलावली. तिला तिथून उठून जायचं होतं. पण ठाणेदारांचा स्वभाव सरळ. मनात आलं की तोंडात आलंच.

"पन म्याडम, तुमी तं म्हनल्या, झुडपं धरत नाई. मंग रायमुनिया तोडली असती तं नंबर कसा गेला असता?"

रुखमाबाईचा हात थांबला. तिने ज्योत्स्नाकडे पाहिलं.

खोटं बोलणं सोपं होतं. ज्योत्स्नाच्या ओठांवर आलंही होतं.

"नसता गेला," ती म्हणाली. "साहेबाईले माप माहीत नव्हतं. भीतीनं नाई म्हटलं त्यायनं."

"म्हंजे झाडं मारायची गरज नव्हती?"

"नव्हती, बाई."

"अन् मी पयल्यांदा गेली, तवाच तोडलं असतं तं?"

"तोडता आलं असतं. कोणाची परवानगीबी लागत नव्हती."

रुखमाबाईने सुरी खाली ठेवली आणि मोनालीला कुशीत ओढलं. नात गेली तेव्हाही जिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ती बाई नातीसाठी आणि नवऱ्याच्या झाडांसाठी एकदमच, मोठ्याने रडू लागली.