आखाजीच्या बारातली खरी शिवी

हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही हसलो होतो. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

भूत म्हटलं की ज्यांना अमावस्या, पिंपळ आणि घुबड लागतं, त्यांची निराशा होणार आहे. रात्र नव्हतीच. गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. भर दुपार. ऊन असं की गावातली कुत्रीसुद्धा केळीच्या पाटात जाऊन बसलेली.

गाव शहादा तालुक्यातलं, तापीकाठचं. नाव सांगणार नाही. पोरींची लग्नं व्हायची आहेत अजून.

मोहिनी माझी मामेबहीण. शहाद्याला कॉलेजात जाते. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी होत्या, काजल आणि रोशनी. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडली आणि या तिघींनी मोबाईलवर तो बंदुकांचा गेम सुरू केला. चौघांची टीम. या तिघी, आणि चौथा येईल तो. शाळा उघडली, कॉलेज लागलं, पण गेम काही सुटला नाही.

काजलची एक खोड होती. गेम सुरू व्हायच्या आधी ती नखानं माईकवर वाजवायची. टक टक. आणि अहिराणीत विचारायची, "शे का वं?"

आहेस का गं, एवढाच अर्थ. त्यावर मोहिनी म्हणायची, "शे वं, शे." मगच गेम सुरू.

ती काजल त्या आखाजीच्या आदल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

आजारी पडली त्या दुपारी तिनं मोहिनीला फोन केला होता. मोहिनी प्रॅक्टिकलला होती, तिनं उचलला नाही. संध्याकाळी करू म्हणाली. संध्याकाळी काजल दवाखान्यात होती, शुद्ध हरपलेली.

ही गोष्ट मोहिनीनं एकाच माणसाला सांगितली. रोशनीला. तिच्या गळ्यात पडून रडत सांगितली.

दिवाळीनंतर गेममध्ये तो आला.

नाव लावलेलं, डार्क वुल्फ. कधी समोरच्या टीमात, कधी हिच्याच टीमात अनोळखी भिडू म्हणून. आवाज बदललेला, डब्यात तोंड घालून बोलावं तसा घोगरा. आधी नेहमीचंच चाललं होतं. 'चूल बघ, बंदूक ठेव.' असलं तर पोरींना रोजच ऐकावं लागतं. पुढं पुढं तो जे बोलायला लागला, ते मी इथं लिहिणार नाही. माझ्याही घरात आईबहीण आहे.

मोहिनीनं करायचं ते सगळं केलं. म्यूट केलं, ब्लॉक केलं, स्क्रीनशॉट काढून रिपोर्ट केलं. खातं बंद झाल्याचा मेसेजही आला. चार दिवसांनी डार्क वुल्फ टू हजर!

आणि आता त्याला घरातलं माहीत होतं. हिचा साखरपुडा मोडल्याचं माहीत होतं. एकदा तर तो म्हणाला, "तिचा फोन उचलला नाहीस. मैत्रीण खाल्लीस तू."

मोहिनीच्या हातातून मोबाईल पडला.

ती बापाला सांगणार होती. पण गिरधरमामा म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्यांच्या कानावर गेलं असतं तर मोबाईल गेला असता, आणि मोबाईलबरोबर कॉलेजही. रोशनी म्हणाली, "काकांना सांगू नको हं. मी आहे ना! मी करते रिपोर्ट." ती डोळे पुसायची, रिपोर्ट करायची, रोज बसमध्ये शेजारी जागा धरून ठेवायची. मोहिनीला वाटायचं, सगळं जग उलटलं तरी ही एक आहे.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. रोशनी ऑनलाइन नसली की हा यायचा. मोहिनी म्हणायची, मेला मला एकटी गाठतो.

आता आखाजीचं सांगतो. आमच्याकडं दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. गेलेल्या माणसांना पाणी द्यायचा हा दिवस. कोरी घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, नाव घ्यायचं. संध्याकाळी पाणी उतरलेलं दिसलं की ते माणूस पिऊन गेलं म्हणायचं. आणि त्या गावात दुपारी बार होतो. गावामधून नाला जातो. वरल्या आळीच्या बाया या काठावर, खालच्या आळीच्या त्या काठावर, आणि मग शिव्यांना जो ऊत येतो!

"तुन्ही म्हैस ताकच देवो वं!"

"तुन्हा नवरानी मिशीले उंदीर लोंबो!"

लेकीसुना पोट धरधरून हसतात. बार संपला की सगळ्याजणी एकाच घागरीतलं पाणी पितात. पाणी प्यालं की शिवी फिटली. जी पीत नाही, तिचं भांडण पुढच्या आखाजीपर्यंत उघडं राहतं.

बाराला दोन नियम. नाव घ्यायचं नाही, आणि खरी शिवी द्यायची नाही. काजलची आई दगूबाई दरवर्षी पोरींना बजावते, "खरी शिवी देवानी नही वं. आज मेलेलं मानूस बी पानी पिवाले येस, काठवर उभं ऱ्हास. खरी शिवी जिनी शे तिनाच घर जास."

मेलेलं माणूसही आज पाणी प्यायला काठावर येतं, आणि खरी शिवी जिची असेल तिच्याच घरी जाते, म्हणे. पोरी हसायच्या. मोहिनीही हसायची.

त्या सकाळी दगूबाईच्या ओसरीवर काजलची पहिली घागर भरली. दगूबाईला रडू आवरेना. मोहिनी तिला धरून बसली होती. रोशनी पेला आणायला आत गेली.

मोहिनीचा मोबाईल वाजला. गेमचा मेसेज.

'भर घागर. खाल्लेल्या मैत्रिणीला पाणी पाज.'

मोहिनीनं मोबाईल कमरेच्या पाऊचमध्ये टाकला. रोशनी पेला घेऊन बाहेर आली, तिनं हिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी बार सुरू झाला. मोहिनी वरल्या आळीची, रोशनी खालच्या. समोरासमोर उभ्या. मधे नाला, घोटाभर पाणी. म्हैस झाली, मिशी झाली, सासू झाली. मग वरल्या आळीची पाळी आली आणि बाया म्हणाल्या, "मोहिनी, तू दे वं!"

मोहिनी पुढं झाली. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. कोणाला म्हणून नाही... नुसतं बाहेर पडायला हवं होतं. महिनोन्महिने ऐकलेलं, ते न लिहिण्यासारखंसुद्धा, तिनं शब्दाला शब्द ओरडून टाकलं. शेवटी ओरडली, "मैत्रीण खाल्लीस तू!"

काठावरचं हसू थांबलं.

दगूबाई घाबरून म्हणाली, "मोहिनी! काय करं हाई?"

खालच्या आळीनं उत्तर द्यायचं होतं. कोणी देईना. चिंचेवर साळुंक्या कलकलत होत्या, त्याही गप्प झाल्या.

आणि मग...

टक टक.

मोहिनीच्या कमरेच्या पाऊचमधून. मोबाईल होता आत. पण गेम बंद होता. आणि त्या नाल्यावर रेंज म्हणाल तर मोलगीच्या डोंगरात मिळेल एखाद वेळी, तिथं नाही.

"शे का वं?"

तो आवाज ती विसरणं शक्यच नव्हतं. तिच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "शे वं... शे."

तेवढ्यात समोरच्या काठावरून उत्तर आलं.

घोगरं. डब्यातलं. डार्क वुल्फचं.

रोशनीच्या ओढणीतून!

'चूल बघ, बंदूक ठेव'पासून सुरू झालं. एकेक वाक्य, ज्या क्रमानं महिनोन्महिने आलं होतं त्याच क्रमानं. बाकीच्या बायांना वाटलं, रोशनीच गड्याचा आवाज काढतेय. त्यांनी टाळ्या पिटल्या. "वा वं रोशनी!"

रोशनीचं तोंड मिटलेलं होतं. ती दोन्ही हातांनी ओढणी चाचपत होती, झटकत होती, अंगावरून पाल झटकावी तशी. आवाज थांबेना. साखरपुडा झाला. फोन न उचलल्याचं झालं. सकाळच्या घागरीचं झालं. आता वुल्फनं बोललेलं काहीच उरलं नव्हतं.

मग त्याच ओढणीतून आणखी एक वाक्य आलं. ते वुल्फच्या आवाजात नव्हतं.

"मोहिनी... मले बी हाईच म्हने ती."

मलाही ती हेच म्हणायची.

टाळ्या पिटणाऱ्या बायांनी हे ऐकलंच नाही. त्या शपथेवर सांगतात. ऐकलं तिघींनी. मोहिनीनं, रोशनीनं, आणि दगूबाईनं. दगूबाई होती तिथं मटकन खाली बसली. "मन्ही पोर..." एवढंच म्हणाली.

मोहिनीला त्या वेळी भीती नाही वाटली. ती मला म्हणाली, "दादा, भुताची भीती नंतर वाटली. आधी नुसतं आतून रिकामं झालं. वर्षभर ज्या खांद्यावर रडले, तो खांदाच त्या वुल्फचा होता रे."

बार मोडला. दगूबाईच्या ओसरीवर पाणी प्यायला बाया जमल्या. मोहिनीनं रोशनीला गोठ्यामागं नेलं.

"तू?"

रोशनी एकदम उसळली. "गेममा शिव्या कोन देत नही वं? तूच मनले लाई लेस." म्हणजे हीच मनाला लावून घेते.

"आणि काजलले?"

"तिले जास्ती नही दिन्यात."

जास्त नाही दिल्या, म्हणे! मोहिनीला आता तो न उचललेला फोन आठवला. काजल त्या दुपारी काय सांगणार होती, ते तिला कळलं.

"का पण, रोशनी? आमी काय करं तुन्हं?"

"तुमनं दोन्हीसनं जमे. मी कायमनी तिसरी." रोशनी रडायला लागली. "काजल गयी, तरी तू तिनंच नाव लेस. पन मोहिनी, देवनी आन, आज मी काहीच वाजाडं नही. मन्हा फोन घर शे. चार्जिंगले."

खोटारडीचं कोण ऐकतो? मोहिनी तडक तिच्या घरी गेली. रोशनीची आई सिंधुबाई गुडघेदुखीनं बाराला आलीच नव्हती. म्हणाली, "तिना फोन? जेवन व्हताच चार्जिंगले लाई गयी ना ती. तो काय."

फणीच्या कोनाड्याखाली बोर्ड. तिथं रोशनीचा मोबाईल वायरीला लटकत होता. सिंधुबाई तिथंच कापसाच्या वाती वळत बसलेली. मोबाईल जागचा हलला नव्हता.

मोहिनी परत आली. दगूबाईनं तांब्या पुढं केला. रोशनी प्याली. मोहिनी नाही प्याली.

गिरधरमामांना सगळं कळलंच. गावात काय लपतं? त्यांनी ना मोबाईल घेतला, ना कॉलेज बंद केलं. एवढंच विचारलं, "तुमच्या त्या गेममध्ये माणूस ब्लॉक करता येतो ना?"

"येतो."

"मग रोशनीला कर."

मोहिनीनं केली. पण गेममधलं ब्लॉक सोपं हो! बस तीच, कॉलेज तेच, नाला तोच. वर्षभर ती समोरून येताना दिसली की ही रस्ता बदलायची. राग असता तर बरं झालं असतं, म्हणते. राग कमी आहे, तिची आठवणच जास्त येते.

गेम तिनं काढून टाकला. टक टक मात्र जात नाही. भर दुपारी, उशाशी ठेवलेल्या मोबाईलमधून. कधी बंद असतानाही... "शे का वं?" मोहिनी प्रत्येक वेळी ओ देते. एकदा नाही दिली, त्याची सल अजून आहे.

यंदाची आखाजी झाली. मोहिनीनं मनाशी ठरवलं होतं, झालं गेलं तापीला मिळालं, आज पाणी पिऊन टाकायचं. बार झाला. शिव्या सगळ्या खोट्या. दगूबाईच्या ओसरीवर रोशनी आधीच उभी होती, वाळलेली, डोळे खोल गेलेले. वर्षभरात तिनं माईकला हात लावला नव्हता, असं सिंधुबाई सांगत होती.

दगूबाईनं तांब्या भरला. रोशनी प्याली आणि तिनं तो मोहिनीपुढं धरला. मोहिनीनं तांब्या घेतला. ओठांना लावला.

आणि ओसरीच्या कोपऱ्यातल्या, काजलसाठी यंदा भरलेल्या घागरीतून...

टक टक.

आतून. नखानं.

या वेळी मोबाईल कोणाकडंच नव्हता. रोशनीनं मोहिनीकडं पाहिलं. तिलाही ऐकू आलं होतं. ती पांढरीफटक पडली आणि मागं सरली.

मोहिनीनं तांब्या खाली ठेवला.

रोशनी त्या दिवसापासून मामाकडं चिंचपाड्याला आहे. गावाकडं यायचं नाव काढत नाही. तिथंही तिला दुपारी काहीतरी ऐकू येतं, असं सिंधुबाई हळूच म्हणाली. काय, ते सांगायला तयार नाही.

मी मोहिनीला विचारलं, "तू तर माफ करायला गेली होतीस. मग का नाही प्यालीस?"

ती म्हणाली, "मी आजही करीन रे दादा. पण घागर वाजली म्हणून थांबले. दगूकाकूनं संध्याकाळी खरबूज काढून पाहिलं. घागर काठोकाठ भरलेली होती. काजलनं अजून पाणी प्यायलेलं नाही."